विचारून घेतलेलं लाकूड

दिवे करून विकणाऱ्या माणसाच्या घरात महिन्याला जेमतेम वीस-बावीस युनिट वीज जळते, यावर वीज खात्यातला कुठला माणूस विश्वास ठेवेल? मी तर मुळीच ठेवला नाही. मी तेव्हा लातूरला भरारी पथकात होतो. तारेवर आकडे टाकणारे, मीटरला चुंबक चिकटवणारे, शेजाऱ्याच्या वायरीवर गिरणी चालवणारे असे लोक पकडायचे हे माझं काम. ते बारा वर्षं केल्यावर माझी नजरच तशी होऊन बसली होती. कुणाच्या लग्नाला गेलो तरी अक्षता टाकायच्या आधी मांडवातली वायर कुठून आलीय ते बघायचो. बायको म्हणायची, तुम्हाला माणूस दिसत नाही, आधी चोर दिसतो. तिचं फारसं चुकत नव्हतं.

तर औशातून एक निनावी अर्ज आला होता. बाजार समितीच्या मागच्या अंगाला एक म्हातारा जुन्या लाकडाचे शोभेचे दिवे करतो, पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस-पन्नास दिवे टांगलेत आणि बिल मात्र एका खोलीएवढं येतं, असा मजकूर. मी जीप काढून निघालो.

शेडच्या दारात एक उंच, काटक माणूस आडवा उभा. कपाळाला भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, कानावर पेन्सिल. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, पालथं घालून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "चष्मा काढा."

"का बरं?"

"फोटोत चष्मा न्हाई."

मी चष्मा काढला. तरी समाधान नाही. ऑफिसात फोन करून खात्री करतो म्हणाले. मी नंबर सांगायला लागलो तर हात वर केला. "तुमचा नंबर नको. तुमच्याच दोस्ताचा असला तर?" आत जाऊन जुनं बिल आणलं, त्यावरचा नंबर लावला आणि माझं नाव, हुद्दा, उंची, सगळं विचारून घेतलं. उन्हात उभ्या उभ्या मला कळून चुकलं की आज आपल्याला आपल्यापेक्षा वरचढ माणूस भेटलाय.

हे बसलिंगअप्पा. सगळे अप्पाच म्हणायचे.

आत खरोखरच चाळीसेक दिवे टांगलेले होते, पण एकही लागलेला नव्हता. भर दुपारी सगळा अंधार. मी वायर तपासली, मीटर तपासलं, शेडच्या मागे जाऊन खांब पाहिला. काही सापडेना. शेवटी विचारलं, हे दिवे लावत नाही का? अप्पांनी एक बटण दाबलं. बैलगाडीच्या जुवाच्या पोटात लपवलेली दिव्यांची पट्टी लागली आणि लाकडावर पिवळा, मऊ उजेड पसरला. बैलांच्या मानेनं घासून घासून जू जिथं गुळगुळीत झालं होतं, तिथं तो उजेड जास्त खुलत होता. मी बघतच राहिलो. अप्पांनी तोंडातल्या तोंडात काही आकडे मोजले आणि बटण बंद केलं.

"चालतंय एवढं बगायचं. मला काय करायचंय उजेडाचं? घेणाऱ्याच्या घरी जळंल की."

पलीकडच्या घरात एक बल्ब, एक पंखा. चोरी नाही असा अहवाल मी दिला, पण माझा विश्वास बसला नव्हता. पुन्हा दोनदा न सांगता जाऊन धडकलो. तिसऱ्या खेपेला अप्पांनी चहा आधीच सांगून ठेवला होता. "या साहेब, घावला का चोर?" तिथून आमची ओळख वाढली. पुढं मी सुट्टीच्या दिवशीही जाऊ लागलो.

अप्पा नवीन लाकडाला हात लावत नसत. पाडलेल्या घरांच्या तुळया, दाराच्या चौकटी, विहिरीवरचे रहाट, वादळात पडलेल्या लिंबाची मुळं, मोडीत निघालेल्या औताचं सामान असं सगळं त्यांच्याकडे येई. रंधा मारायचा नाही, रंग द्यायचा नाही. चिंधीनं जवसाचं तेल चोळायचं आणि आठवडाभर सावलीत ठेवायचं. लाकडावर त्यांचा भरवसा नसे असं नाही, पण तेही तपासल्याशिवाय घेत नसत. आधी चुंबक फिरवायचे, आत खिळा मोडून राहिलाय का ते पाहायला. मग बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचे. मग नखानं खरवडून वास घ्यायचे. एवढं झाल्यावर लाकूड बाजूला ठेवायचे आणि आणणाऱ्या माणसाकडे वळायचे. खरी तपासणी तिथं सुरू व्हायची.

"लाकूड कशाला खोटं बोलंल? आणणारा बोलतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गाव कोणतं, वडिलांचं नाव काय, घर पाडलं का पडलं, वाटणी झालीय का, भाऊ किती, त्यांना विचारलं का. माणसाला घाम फुटायचा. एकदा चिंचोलीकडचा एकजण चौकट घेऊन आला आणि सगळी उत्तरं धडाधड देत गेला. अप्पांनी चौकट परत गाडीत ठेवायला लावली. मी म्हटलं, अहो, सगळं नीट सांगितलं की त्यानं. अप्पा म्हणाले, "म्हणूनच. घरातलं लाकूड इकताना माणूस जरा तरी अडतंय. हे पाठ करून आल्यालं दिसतंय." मी मनातल्या मनात हे वाक्य आमच्या खात्यासाठी टिपून ठेवलं.

पण खरा कडकपणा चाड्याच्या बाबतीत. तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, बसवलेली ती लाकडाची वाटी, तळाला तीन भोकं असलेली, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. आता ट्रॅक्टरनं पेरणी होते आणि चाडी गोठ्याच्या आढ्याला धूळ खात पडलेली असतात. अप्पा त्या तीन भोकांतून तीन बारीक वायरी खाली सोडून तीन छोटे दिवे लावत. त्यांच्या कामात हाच दिवा सगळ्यात देखणा. गिऱ्हाइकं त्यासाठी पुण्याहून येत. मात्र चाडं घ्यायचं तर त्यांची अट एकच. त्या चाड्यावर जिनं मूठ धरली, म्हणजे त्यातून बी पेरलं, त्या बाईनं स्वतः येऊन हो म्हटलं पाहिजे. घरधन्याचा होकार चालत नसे.

एक पठ्ठ्या आपल्या आईला घेऊन आला. बाई लुगड्यातली, डोक्यावर पदर, सगळं व्यवस्थित. मान डोलावून म्हणाली, "न्या की, मला काय करायचंय." अप्पांनी चाडं तिच्यापुढं ठेवलं आणि मूठभर ज्वारी तिच्या हातात दिली. "पेरून दावा." बाईनं जात्यात दाणे टाकावेत तशी ज्वारी भसकन ओतली. पेरणारी बाई तसं करत नाही. मूठ वर धरून बोटं फिरवत ती दाणे असे सोडते की तिन्ही भोकांत सारखे पडतात. अप्पांनी हात जोडले. "बाई, तुमी कुणाच्याबी आई असाल, ह्या चाड्याच्या न्हाईत." ती बाई त्याची शेजारीण निघाली. आई घरी होती आणि तिनं साफ नाही म्हटलं होतं.

मी पोट धरून हसलो. अप्पा हसले नाहीत. मी म्हटलं, अप्पा, एवढा काय शक घ्यायचा? आता कुठं कोण त्यानं पेरणार आहे? त्यांनी चाडं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या हिला इचारा."

ही म्हणजे महादेवीअक्का, अप्पांच्या बायको. त्यांना विचारायची वेळ आली नाही, अप्पांनीच सांगितलं. त्यांनी पहिला दिवा केला तो अक्कांच्या चाड्याचा. तीस वर्षं अक्कांनी त्यावर मूठ धरली होती. बैल विकले, शेत बटईनं कसायला दिलं, गावातून औशाला आले. बायकोला खूश करावं म्हणून अप्पांनी गुपचूप ते चाडं घेतलं, तीन दिवे बसवले, वायर जाईना म्हणून भोकं मोठी केली आणि एके दिवशी घरात टांगून बटण दाबलं. अक्कांनी वर पाहिलं, स्टुलावर चढून भोकात बोट घातलं. एवढंच म्हणाल्या, "आता ह्यातनं काय पडायचं?" आणि बटण बंद केलं. रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून अप्पांचा कुठलाच दिवा घरात लावू दिला नाही. "मी इचारलं न्हाई साहेब. एका शब्दाचं काम हुतं," अप्पा म्हणाले.

माझ्या वीस-बावीस युनिटांचा उलगडा असा झाला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. अक्कांच्या त्या चाड्यानंतर अप्पा कुठल्याच चाड्याच्या भोकाला हत्यार लावत नसत. केसासारख्या बारीक वायरी आणून, पीळ देऊन, दिवसभर खपून त्या मूळ भोकातूनच खाली काढत. कुणी परत मागितलं तर वायरी ओढून घेऊन चाडं होतं तसं परत देता आलं पाहिजे, हा हिशेब.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी मुलीनं, मीनलनं, नांदेडला फ्लॅट घेतला. जावयाची नोकरी तिथंच. बैठकीत अप्पांचा चाड्याचा दिवा टांगायचा असं तिनं माझ्या तोंडून ऐकून ऐकून ठरवूनच टाकलं होतं. मी औशाला जाऊन अप्पांना वास्तुशांतीचं बोलावणं दिलं आणि दिवा मागितला. त्यांच्याकडे एकच चाडं शिल्लक होतं. जुन्या बाभळीचं, काळंभोर, काठाला हाताच्या घासण्यानं पडलेली खाच. उमरीजवळच्या एका गावातला माणूस ते ठेवून गेला होता.

"ह्याच्यावर मूठ कुणी धरली ते कळंना," अप्पा म्हणाले. "पोरगं म्हणतंय आई न्हाई. मी पुसलं, कधी वारल्या? तर म्हणतंय, झालं की बरंच. आईचं असं कुणी सांगतंय का? मला शक हाय. चार दिवस थांबा साहेब, तपास करतो."

वास्तुशांतीला बरोबर पाच दिवस उरले होते. मी बरं म्हणून निघालो, पण माझ्याही डोक्यात किडा वळवळायला लागला होता. लातूरच्या एका हॉटेलवाल्याची गाडी मी गेल्याच आठवड्यात शेडसमोर पाहिली होती. त्याला पंचवीस चाडी हवी होती आणि अप्पांकडे नव्हती. हे शेवटचं चाडं त्याला द्यायचं ठरलं असेल आणि मला आपलं चार दिवसांचं गाजर. एकदा असं डोक्यात आल्यावर पुरावे आपोआप सापडत जातात, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. अप्पा बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. चाडं त्यांनी मागच्या फळीवर ठेवलं. हॉटेलवाल्याचं नाव मी काढलं तर विषय बदलला. झालं, माझ्या मनातला खटला तयार.

दोन दिवसांनी मी पुन्हा औशाला. अप्पा नव्हते.

"कुठं गेलेत?" मी अक्कांना विचारलं.

"गावाला गेलेत. कुठल्या ते सांगितलं न्हाई. पिशवीत दोन दिसांच्या भाकरी बांधून नेल्यात."

लातूर तर अर्ध्या तासावर. तिथं जायला भाकरी कशाला लागतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी म्हणालो, "अप्पांनी मला चाडं न्यायला सांगितलंय. त्या मागच्या फळीवरचं."

हे धडधडीत खोटं मी चोर पकडणाऱ्या माणसाच्या आवाजात बोललो. अक्कांनी शेडची किल्ली माझ्या हातात दिली. "तुमीच घ्या आतनं. साहेब आले तर न्हाई म्हणू नको, त्यांच्यावर आपला शक न्हाई, असं सांगून गेलेत."

ते ऐकून तरी मी परत फिरायला पाहिजे होतं. मी चाडं पिशवीत घातलं.

केसासारखी वायर माझ्याकडे नव्हती आणि दिवसभर खपण्याएवढा धीरही नव्हता. घरी ड्रिल होतं. मी तिन्ही भोकं मोठी केली, बाजारातले होल्डर बसवले. अक्कांची गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. ड्रिल चालू असताना चांगली आठवत होती. पण मी स्वतःला बजावत होतो की ही बाई तर वारलीय, विचारायचं कुणाला? ज्या माणसाच्या सांगण्यावर अप्पांनी विश्वास ठेवला नाही, त्याच्या सांगण्यावर मी माझ्या सोयीपुरता ठेवला. मीनलला सांगितलं, अप्पांनी स्वतःच्या हातानं करून दिलाय.

वास्तुशांतीच्या दिवशी दिवा सगळ्यांना फार आवडला. व्याही मंडळी खाली उभी राहून फोटो काढत होती. पूजा आटोपली, पानं मांडायची तयारी चालली होती आणि दारात अप्पा उभे. धोतराला धूळ, डोळे न झोपल्यासारखे, पण चेहरा असा खुललेला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यामागे ठेंगणी, पाठीत वाकलेली एक म्हातारी. तिच्या काखेत गाठोडं होतं.

"साहेब, बाई हयात हाईत बगा!" अप्पा दारातूनच म्हणाले. "गिरजाबाई. पोराशी पटंना म्हणून बिलोलीकडं लेकीच्या घरी ऱ्हायल्यात. तीन दिस बसलो त्यांच्या दारात. लाकूड कुणाच्या घरी जातंय ते घर बगते, मग सांगते म्हणाल्या. घेऊनच आलो."

आणि त्यांनी घर दाखवायला म्हणून वर मान केली.

त्यांची मान वरच राहिली. म्हातारीनंही वर पाहिलं. आधी तिला ओळख पटली नाही, मग पटली. "आगं बाई, माजं चाडं. ह्ये तर टांगून मोकळे झाले की. मंग मला कशाला आनलं पुसायला?"

मीनल माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हे अप्पांनीच केलंय ना?"

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. समोर व्याही, गुरुजी, जावयाच्या ऑफिसातले लोक, आणि मी आयुष्यभर चोर पकडणारा माणूस. माझं तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. पण आवाज आला तो अप्पांचा.

"हाव. मीच केलंय. बाईला पुसायच्या आधीच केलं. घाई झाली माजी."

ज्या माणसानं हयातभर दुसऱ्याचं खोटं पकडलं, त्याला स्वतःला खोटं नीट बोलता येत नव्हतं. ते अडखळत, जमिनीकडे बघत बोलले. मला तरी ते ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही असं वाटलं. सगळ्यांनी ठेवला.

"तू?" म्हातारी त्यांच्याकडे वळली. "तीन दिस माज्या दारात बसून राहिला. माज्या हातचं पानी पिला. पुसल्याबिगर हात लावत न्हाई म्हनला. आन् आधीच टांगून आला?"

"चुकलं बाई."

"काढ खाली."

स्टूल आणून मीच तो दिवा काढला, होल्डर सोडवले आणि चाडं तिच्या हातात दिलं. तिनं ते पालथं केलं, एका भोकात करंगळी घातली, मग अंगठा घातला. अंगठा आरपार गेला. चाडं तिनं गाठोड्यात घातलं, गाठ मारली आणि निघाली. मीनल जेवायला थांबा म्हणून तिच्या मागे जिन्यापर्यंत गेली. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. अप्पांनी तिच्या काखेतलं गाठोडं आपल्या हातात घेतलं. माझ्याजवळून जाताना ते थांबले नाहीत.

त्यानंतर मी औशाला गेलो नाही. जाणार होतो, दर महिन्याला जाणार होतो. दोन वर्षांनी लातूरच्या बाजारात कुणीतरी सहज सांगितलं की दिवेवाले अप्पा गेले. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, नांदेडच्या बस स्टँडवर.

घरात सगळे जेवायला बसल्यावर मी जावयाची स्कूटर घेऊन तिथं गेलो. बिलोलीची गाडी लागलेली होती. खिडकीशी म्हातारी, तिच्या शेजारी अप्पा, गाठोडं अप्पांच्या मांडीवर. तिला घरी पोचवून मगच ते औशाला परतणार होते. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, दिव्याच्या घरचा माणूस म्हणून तोंड फिरवलं आणि अप्पांना बोलत राहिली. बेइमान म्हणाली, भस्म लावून लोकांना फसवतोस म्हणाली. पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे मागे वळून अप्पांकडे बघत होते. कंडक्टर अजून चढला नव्हता. माझ्याकडे दोन-तीन मिनिटं तरी होती. "बाई, ते मी केलं," एवढंच म्हणायचं होतं.

अप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान जराशी हलवली, नको म्हणून. त्यांनीच नको म्हटलं, असं मी पुढं बायकोला सांगितलं. पण त्यांनी मान हलवण्याआधीही मी गप्पच होतो. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी फाटकातून वळेपर्यंत मला अप्पा दिसत होते. गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून ते खाली मान घालून बसले होते, आणि ती बोलत होती त्या प्रत्येक वाक्याला, "हाव बाई, खरं हाय," म्हणत होते.